वेगाचा पॅच रांग कधी मोडतो?

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्सवाल्यांमध्ये एक आकडा भरपूर फिरला: ३,८८८.९ टक्के. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, येणारे बदल सतत तपासत बसणारा इंटेलचा एक स्वयंचलित चाचणी-रोबो आहे. एका चिमुकल्या पॅचमुळे, म्हणजे कोडमधल्या छोट्या बदलामुळे, एका चाचणीचा वेग एवढा वाढल्याचं त्याने कळवलं. म्हणजे जवळपास चाळीसपट. बहुतेकांनी विचारलं, एवढा वेग इतके दिवस कुठे दडवून ठेवला होता? थोड्या जाणत्यांनी वेगळंच विचारलं: नवे बदल घेण्याची मुदत, म्हणजे मर्ज विंडो, बंद होऊन महिना झाला होता, मग हा पॅच आत आलाच कसा?

मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं आपोआप मिळतं.

आधी थोडी ओळख. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कारभारी. प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, मेमरी कुणाला किती, डिस्कवर कधी लिहायचं, हे तो ठरवतो. कारभाऱ्याने एखादी सवय बदलली की घरातल्या सगळ्यांना ते जाणवतं, ज्यांनी काही मागितलंच नव्हतं त्यांनाही. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे दार उघडं असतं, तीच मर्ज विंडो. महिनोन्‌महिने तयार होत आलेलं नवं काम वेगवेगळे मेंटेनर, म्हणजे एकेका विभागाची जबाबदारी सांभाळणारे, या काळात लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांच्याकडे पाठवतात. मग दार बंद होतं आणि दर रविवारी एक आरसी, म्हणजे कच्ची आवृत्ती, निघते. सात किंवा आठ आरसी झाल्या की पक्की आवृत्ती. या मधल्या काळात फक्त दुरुस्त्या घ्यायच्या, नवं काही नाही, असा शिरस्ता आहे.

आता वेग वाढवणारा पॅच दुरुस्ती समजायचा की नवं काम? वरवर पाहिलं तर सरळ नवं काम. काही मोडलेलं नाही, फक्त जरा भराभर चालेल. पण कालपर्यंत दहा मिनिटांत होणारं काम नव्या कर्नलवर पंधरा मिनिटं घेऊ लागलं असेल तर? प्रोग्राम तोच, मशीन तेच, बदलला तो कारभारी. अशा वेळी मंदपणा ही मोडतोडच. कर्नलच्या जगात तिला रिग्रेशन म्हणतात, आणि रिग्रेशन दुरुस्त करायला दार बंद असलं तरी आत घेतात. दहाची आठ मिनिटं करणारा पॅच रांगेत थांबतो. पंधराची पुन्हा दहा करणाऱ्याला पुढे सोडतात. परत मिळालेला वेग वेगळा आणि नव्याने कमावलेला वेग वेगळा, मग बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजायच्या चाचणीवर, दोघांचा आकडा सारखा का दिसेना.

३,८८८.९ वाला पॅच पहिल्या जातीचा, म्हणजे गेलेला वेग परत आणणारा, होता. त्याची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण त्यात सगळं आहे.

कर्नल मेमरी पानांच्या हिशेबाने वाटतो. आपल्या नेहमीच्या पीसीवर एक पान ४ केबीचं. कुठलं पान प्रत्यक्षात कुठे आहे याच्या ताज्या नोंदी ठेवायला प्रोसेसरकडे एक छोटीशी वही असते, तिला टीएलबी म्हणतात. वही लहान, पानं लाखो. नोंद सापडली नाही की पूर्ण नोंदवहीत शोधाशोध करावी लागते आणि वेळ जातो. म्हणून मोठी पानं निघाली, २ एमबीची. एका नोंदीत ५१२ छोट्या पानांचं काम भागतं. अट एकच: मोठं पान बरोबर २ एमबीच्या हद्दीवर सुरू व्हायला हवं, मधूनच कुठून तरी नाही.

रिक व्हॅन रील हे मेमरीच्या कामातलं जुनं नाव. त्यांचा पॅच असा होता: कुणी २ एमबी किंवा त्याहून मोठा तुकडा मागितला तर तो हद्दीवरच सुरू करून द्यायचा, म्हणजे मोठी पानं पहिल्यापासूनच वापरता येतील. ऐकायला अगदी रास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ६.१ साठी आत आला. त्याच महिन्यात रोबोने एका चाचणीत ९५ टक्क्यांहून जास्त घसरण कळवली. क्लँग कंपायलरने (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) कर्नल बांधणाऱ्यांचा वेळही वाढला. ६.१ बाहेर पडण्याआधीच लिनसनी पॅच काढून टाकला. साधारण वर्षभराने तोच विचार पुन्हा आत आला, आणि तक्रारीही मागोमाग आल्या.

त्यातली एक तक्रार जवळून पाहू. सापेक्षतावादाची समीकरणं सोडवणारा कॅक्टस-बीएसएसएन नावाचा एक बेंचमार्क आहे. तो मेमरीचे बरेच तुकडे मागतो आणि प्रत्येक तुकडा ४,६३२ केबीचा. पूर्वी हे तुकडे एकाला एक लागून बसायचे, चाळीतल्या खोल्यांसारखे. सलग मोठी जागा तयार व्हायची आणि तिच्यात मोठी पानं आपसूक मावायची. नव्या नियमाने प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र हद्द हवी. ४,६३२ नंतरची २ एमबीची पुढची पट ६,१४४, म्हणजे दर दोन तुकड्यांमध्ये १,५१२ केबीची रिकामी जागा. मोठी पानं मिळावीत म्हणून आणलेल्या नियमाने सलग जागाच फोडली.

एवढ्यावर भागलं नाही. प्रोसेसरची कॅश, म्हणजे जवळची झटपट मेमरी, आणि टीएलबी कोनाड्यांसारखी असतात आणि कुठली गोष्ट कुठल्या कोनाड्यात जाणार हे पत्त्याच्या काही आकड्यांवरून ठरतं. आता सगळे तुकडे एकाच तऱ्हेच्या पत्त्यावर सुरू होऊ लागले. गावातल्या सगळ्या घरांचे नंबर ००ने संपू लागले तर टपालवाल्याच्या एकाच खणात गर्दी होणार आणि बाकीचे खण ओस पडणार. तसंच झालं. काही मशीनवर हा बेंचमार्क ६०० टक्क्यांपर्यंत मंदावला. फोटो-संपादनाच्या डार्कटेबल या सॉफ्टवेअरचे वापरकर्तेही कुरकुरत होते. तपास केला तर धागा याच पॅचपाशी गेला.

कर्नलच्या मेमरीवर काम करणाऱ्या व्लास्टिमिल बाब्का यांनी काय केलं? नियम रद्द केला नाही. एक अट घातली: मागितलेला तुकडा नेमका २ एमबीच्या पटीत असेल तरच त्याला हद्दीवर बसवा, नाहीतर पूर्वीसारखा शेजाऱ्याला चिकटवा. बस, एवढंच. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी, ६.१२ च्या आरसी चालू असताना हा पॅच आत गेला आणि जुन्या स्थिर आवृत्त्यांकडेही पाठवायचा ठरला.

दार बंद असताना त्याला आत घेण्यासारखं त्यात काय होतं? कुठल्या बदलाने वेग गेला हे नावानिशी ठाऊक होतं. तक्रार प्रयोगशाळेतली एकट्याची नव्हती, खऱ्या वापरकर्त्यांचीही होती. पॅच इतका लहान की वाचणारा चहा संपायच्या आत पूर्ण समजून घेईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो कारभाऱ्याला नवी सवय लावत नव्हता, बऱ्याच जणांच्या बाबतीत जुन्या सवयीवर परत नेत होता. जुनी सवय वर्षानुवर्षं वापरून झालेली असते, तिच्यातले खड्डे माहीत असतात.

राहिला तो ३,८८८.९. ती चाचणी एकच गोष्ट करते: १२८ एमबी मेमरी मागायची, लगेच परत करायची, पुन्हा मागायची. दिवसभर एवढंच करणारा प्रोग्राम कुणी पोटापाण्यासाठी लिहीत नाही. तिथला चाळीसपट वेग खरा आहे, फक्त तुमच्या लॅपटॉपवर त्याचा काही पत्ता लागणार नाही. म्हणूनच मोठ्या टक्केवारीने अनुभवी मेंटेनर हुरळत नाहीत. उलट आकडा जितका मोठा, तितका त्यांचा संशय जास्त: नक्की काय मोजलंत? मी स्वतः एकदा एका बदलाने बारा टक्के वेग मिळवला म्हणून रात्री एक वाजता सहकाऱ्याला मेसेज केला होता. सकाळी लक्षात आलं, पहिली चाचणी लॅपटॉप बॅटरीवर असताना झाली होती आणि दुसरी चार्जर लावल्यावर. त्या सहकाऱ्याने अजून मला विसरू दिलेलं नाही.

दुसऱ्या जातीचं, म्हणजे नव्या वेगाचं, माझं आवडतं उदाहरण २०१० मधलं आहे. माइक गॅलब्रेथ यांनी साधारण दोनशे ओळींचा एक पॅच लिहिला. अडचण अशी होती: एका टर्मिनलमध्ये मोठं कंपाइल लावलं की ६४ प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, सुटतात, आणि शेजारी चालू असलेला व्हिडिओ अडखळतो. प्रोसेसरचा वेळ वाटणारा कर्नलचा भाग, म्हणजे शेड्यूलर, डोकी मोजून वाटप करायचा. चौसष्ट डोकी तिकडे, एक इकडे. व्हिडिओच्या वाट्याला पासष्टावा हिस्सा. गॅलब्रेथ म्हणाले, डोकी मोजू नका, घरटी वाटा. एका टर्मिनलमधल्या सगळ्या प्रोसेस मिळून एक घर. लिनस यांनी स्वतः वापरून पाहिलं आणि बेहद्द खूश झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये तमाम लिनक्सप्रेमी हा पॅच आत्ताच्या आत्ता हवा म्हणून मागत होते.

आणि तरी तो थांबला. त्या वेळी २.६.३७ च्या आरसी चालू होत्या. पॅच गेला पुढच्या विंडोत आणि लोकांपर्यंत पोचला २.६.३८ मधून, मार्च २०११ मध्ये. खुद्द लिनसना आवडलेल्या, कुणीही वाचून समजेल अशा दोनशे ओळी, तरी चार महिने. दरम्यान पॅचही बदलला: घर ठरवायचं टर्मिनलवरून नव्हे, तर सेशनवरून, म्हणजे एकत्र सुरू झालेल्या प्रोसेसच्या गटावरून, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात घाई केली असती तर टर्मिनलवालं रूप कर्नलमध्ये बसलं असतं आणि मग ते हलवणं अवघड. एकदा लोकांच्या सवयी एखाद्या वागण्याशी जुळल्या की ते वागणं काढून घेता येत नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

पुरावा भक्कम असला तरी रांग चुकत नाही. मेमरीतली कुठली पानं आधी बाहेर काढायची हे नव्याने ठरवणारं, मल्टी-जेन एलआरयू नावाचं काम गुगलच्या यू झाओ यांनी मार्च २०२१ मध्ये मांडलं. लाखो क्रोमबुक आणि अँड्रॉइड उपकरणांवर ते आधीच चालत होतं. तरी ६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ मध्ये, ते पोचलं. पावणेदोन वर्षं. मला स्वतःला हा उशीर थोडा जास्तच वाटतो. इतक्या खऱ्या फोनांवरचा अनुभव हाताशी असताना एवढं ताणायची गरज नव्हती. पण मेमरीचं काम बघणाऱ्यांची भीती मी समजू शकतो, कारण त्या खात्याचा इतिहासच तसा आहे.

तो इतिहास म्हणजे कर्नलची २.४ मालिका. जानेवारी २००१ मध्ये २.४.० आलं, स्थिर म्हणून. पण मेमरीची व्यवस्था भाराखाली नीट वागेना. सप्टेंबर २००१ मध्ये, २.४.१० काढताना, लिनसनी रिक व्हॅन रील यांची सगळी व्यवस्था काढून आंद्रेया आर्कांजेली यांची नवी बसवली. स्थिर म्हणवणाऱ्या मालिकेच्या ऐन मध्यावर! धावत्या एसटीचं इंजिन बदलावं तसं. अॅलन कॉक्स यांनी कर्नलच्या आपल्या वेगळ्या शाखेत काही काळ जुनीच व्यवस्था चालू ठेवली. म्हणजे स्थिर लिनक्सचे दोन अवतार, दोन वेगळी इंजिनं. नवी व्यवस्था पुढे टिकली, त्यामुळे निर्णय चुकला असं कुणी सरळ म्हणू शकत नाही. पण ज्यांच्या मशीनवर तो घडला त्यांनी हे विसरलेलं नाही, आणि आजची कडक शिस्त अशा अनुभवांतूनच आली.

घेतलेला वेग परत करण्याचे प्रसंगही येतात. सप्टेंबर २०१२ मध्ये ३.६ ची पाचवी आरसी आली तेव्हा पोस्टग्रेस डेटाबेसचा वेग साधारण २० टक्क्यांनी घसरल्याची तक्रार आली. कारण शेड्यूलरमधला एक बदल, जो केला होता वेग वाढवण्यासाठीच. इतर कामांना तो फायद्याचा होता. पोस्टग्रेसला नव्हता. ३.६ बाहेर पडण्याआधी बदल मागे घेतला गेला. कुणाचा फायदा मोठा, याचा हिशेब मांडत कुणी बसलं नाही. ज्याचं आधी नीट चालत होतं त्याचं बिघडलं, एवढं पुरे होतं.

स्थिर आवृत्त्यांचे, म्हणजे तुमच्या-आमच्या सर्व्हरवर खरोखर चालतात त्यांचे, नियम आणखी आवळलेले आहेत. पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको, खरोखरचा त्रास दूर करणारा हवा, डोळ्यांना सरळ बरोबर दिसणारा आणि तपासलेला हवा. वेगासाठी तिथे एक खिडकी किलकिली ठेवली आहे: डिस्ट्रोच्या, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरासारख्या तयार लिनक्सच्या, वापरकर्त्याने कळवलेला, ठळकपणे जाणवणारा मंदपणा असेल तर विचार होईल. पण तो पॅच त्या डिस्ट्रोच्या कर्नल-मेंटेनरनेच पाठवायचा आणि वापरकर्त्याला नेमका काय फरक पडतो ते लिहायचं. कारण नियमातच कबूल केलंय: असे पॅच तितके उघड बरोबर नसतात, आणि त्यांच्यातून सूक्ष्म बिघाड निघण्याचा धोका जास्त.

सुरक्षेचं मात्र उलटं चालतं. मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष जगजाहीर होण्याच्या तोंडावर, २०१७ सरता सरता, कर्नलची आणि प्रोग्रामची पानकोष्टकं, म्हणजे पानांच्या पूर्ण नोंदवह्या, वेगळी करणारा मोठा बदल ४.१५ च्या आरसी चालू असताना घेतला गेला, तोही वेग कमी होणार हे माहीत असून. त्या आवृत्तीला नववी आरसी काढावी लागली. पण सुरक्षेलाही मोकळं रान नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दुसऱ्या दोषाविरुद्धचा एक बदल ४.२० सोबत ४.१९.२ मध्येही नेला. काही कामांचा वेग निम्म्यावर आल्याच्या तक्रारी आल्या आणि ४.१९.४ मध्ये तो काढला.

आता पाइपची गोष्ट. पाइप म्हणजे दोन प्रोग्रामांमधली नळी: एकजण एका टोकाने लिहितो, दुसरा दुसऱ्या टोकाने वाचतो. जवळपास युनिक्सइतकीच जुनी वस्तू, तिच्यात आता काय बदलायचं राहिलंय असं वाटेल.

कर्नल बांधताना वापरलं जाणारं ग्नू मेक ही नळी टोकन वाटायला वापरतं. टोकन मिळालं तर काम सुरू करायचं, झालं की परत टाकायचं. बाकीचे वाट पाहत झोपलेले. गंमत अशी की एक टोकन पडलं की कर्नल सगळ्यांनाच उठवायचा. लग्नघरात चौसष्ट पाहुणे झोपलेत आणि बाथरूम एक. ती मोकळी झाली की सगळ्यांना हलवून जागं करायचं. एक आत जातो, त्रेसष्ट पुन्हा पांघरूण ओढतात. लिनसनी पॅच लिहिला: एकालाच उठवा. चांगलाच फायदा झाला. पण त्यातून मेकमधलाच एक जुना दोष बाहेर आला, वेळेच्या नाजूक गणितावर बेतलेला, ज्याने बिल्ड, म्हणजे बांधणीचं काम, मध्येच अडकून बसायचं. दोष मेकचा होता, कर्नलचा नाही. तरी लिनस आपल्याच पॅचसाठी थांबले. मेकच्या दुरुस्त आवृत्त्या डिस्ट्रोंमध्ये पोचू दिल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये, ५.६ च्या विंडोत, पॅच घेतला.

त्याच कामातला आणखी एक बदल आधीच ५.५ मध्ये, जानेवारी २०२० मध्ये, गेला होता. लिहिणाऱ्याने नळीत काही टाकलं आणि नळीत आधीपासून काही पडलेलं असेल, तर वाचणाऱ्याला पुन्हा का उठवायचं? त्याला एकदा हाक मारून झाली आहे. तर्क चोख. दीड वर्ष कुणी तक्रार केली नाही.

मग २०२१ च्या जुलैत अँड्रॉइडकडून निरोप आला: काही अॅप नव्या कर्नलवर गप्प होतात. ती रेल्म नावाची डेटाबेस लायब्ररी वापरत होती, आणि रेल्म नळीतून काही वाचतच नव्हती. तिच्यासाठी नळी म्हणजे दाराची घंटा. ती ईपोल नावाच्या सोयीने, नवी घटना घडली तरच कळव अशा पद्धतीने, घंटेवर कान ठेवून असायची. कुणी एक बाइट टाकला की घंटा वाजली असं समजायची आणि बाइट तसाच पडू द्यायची. ५.५ नंतर नळी रिकामी नसल्याने दुसरी घंटा वाजेनाच. काटेकोर पाहिलं तर हा गैरवापर. फोनांमध्ये नवं कर्नल उशिरा पोचतं, म्हणून कळायलाही दीड वर्ष लागलं.

इथे घरटी वाटपाच्या वेळचा मुद्दा पुन्हा येतो. लोकांच्या सवयी ज्या वागण्याशी जुळल्या, ते बरोबर होतं की चूक हा प्रश्नच उरत नाही. लिनसनी ५.१४ च्या आरसी चालू असताना पॅच घेतला: प्रत्येक वेळी उठवा. काही दिवसांत तोच इंटेलचा रोबो हजर झाला: हॅकबेंच चाचणी मंदावली. ऑगस्टमध्ये तिसरा पॅच आला: ज्या नळीवर कुणी असा कान ठेवला असेल तिच्यासाठीच प्रत्येक वेळी उठवा, बाकीच्यांना नवा वेग राहू दे.

कर्नलच्या पाइपच्या फाइलमध्ये ती अट आजही आहे, एका ओळीची. तिच्या डोक्यावर एक शेरा लिहिलेला आहे. त्यात आधी मेकचं नाव येतं, छोट्या छोट्या टोकनांसाठी वाचणाऱ्याला लगेच उठवणं का महत्त्वाचं ते सांगायला. आणि मग खाली, जरा वैतागून: ईपोलला नळी आधी रिकामी होती की नव्हती याची पर्वा न करता, काहीएक अर्थ नसताना, उठवणं हवंच असतं. शेऱ्याखालची ओळ निमूटपणे उठवते.